चौदा रोपं आणि एक गॅलरी

पत्र : ताई, मी कोथरूडला राहते, वय ६१. ऑगस्टमध्ये आमच्या प्रभागात वृक्षारोपणाचा कार्यक्रम झाला, तिथे रोपं फुकट वाटत होते. माणशी पाच. मी आणि यजमान दोघंही रांगेत उभे राहिलो आणि शेवटी उरलेली चार त्यांनीच आमच्या हातात दिली. अशी चौदा रोपं घरी आली. ४ कडुलिंब, ३ बहावा, २ करंज, २ वड, १ पिंपळ, १ ताम्हण आणि एक कांचन आहे की आपटा ते कळत नाही. महिना झाला, सगळी गॅलरीत आहेत. सूनबाई म्हणते कपडे वाळत घालायला पाय ठेवायची जागा नाही. पाणी घातलं की खालच्या मजल्यावर गढूळ पाणी जातं, त्यांची तक्रार आली. सोसायटीचे सेक्रेटरी पार्किंगजवळ झाडं नकोत म्हणतात. गेल्या वर्षी सहा आणली होती, त्यातला कढीपत्ता तेवढा जगला. बाकीची एप्रिलमध्ये आम्ही मुलीकडे गेलो तेव्हा वाळली, ते अजून मनाला लागून आहे. आता ही टेकडीवर नेऊन लावू का? सासवडजवळ दिरांची शेती आहे, तिकडे पाठवू का? फुकट मिळालेली वस्तू दुसऱ्याला देणं बरं दिसतं का? आणि पितृपक्षात झाड लावलेलं चालतं का?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. चालतं. खुशाल लावा. पितरांच्या नावानं झाड लावणारी कितीतरी घरं मला माहीत आहेत. आता बघायची ती जमिनीतली ओल, आणि ती ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यानंतर झपाट्यानं उतरत जाईल. म्हणून ज्या रोपांची जागा पक्की आहे ती याच आठवड्यात लावा आणि ज्यांची नाही त्यांना थांबवा. ती कशी थांबवायची ते पुढे सांगते.

दोघांनीही रांगेत उभं राहिल्याची बोच तुमच्या पत्रात जाणवते. ती मनातून काढून टाका. अशा कार्यक्रमात दुपारी उरलेली रोपं टेम्पोत परत चढवायचा कंटाळा येतो, तेव्हा जो उभा असेल त्याच्या हातात ती जातात. त्यातून आपल्याकडे झाडांचं मोजमाप फार दिवसांपासून आकड्यात होत आलंय. १९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला तेव्हापासून जुलै म्हटला की लागवड, हे समीकरण आहे. आपल्या राज्यात तर २०१७ ते २०१९ या तीन पावसाळ्यांत मिळून ५० कोटींचं उद्दिष्ट होतं. किती वाटली, किती लावली हे मोजलं जातं. तिसऱ्या उन्हाळ्यात किती उभी आहेत हे बघायला मात्र आपणच लागतो. तुम्ही गेल्या वर्षीच्या पाच रोपांसाठी अजून हळहळताय, म्हणजे तुम्ही बघणाऱ्यांपैकी आहात. म्हणूनच जरा स्पष्ट बोलते.

रोप किती घ्यायचं हे जागेवरून ठरत नाही, पाण्यावरून ठरतं. हिशेब मांडून बघा. जमिनीत लावलेल्या रोपाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठवड्यातून एकदा १० लिटरची बादली आणि मार्चपासून पाऊस लागेपर्यंत आठवड्यातून दोनदा, एवढं तरी लागतं. हिवाळ्याचे १७ आणि उन्हाळ्याचे १५ आठवडे धरले तर एका रोपाला ४७ बादल्या. चौदा रोपांना साडेसहा हजार लिटरच्या वर. ५०० लिटरची टाकी तेरा वेळा भरायची, तीसुद्धा ज्या महिन्यांत पुण्यात टँकर फिरत असतात त्याच महिन्यांत. आणि हे एका वर्षाचं झालं. मुळं खोल जाईपर्यंत दोन, मुरमाड जमिनीत तीन उन्हाळे सांभाळावं लागतं. तुमची गेल्या वर्षीची रोपं निष्काळजीपणानं गेली नाहीत. एप्रिल-मेमध्ये घरात कोण असणार आणि पाणी कोण घालणार हे रांगेत उभं राहताना ठरलं नव्हतं, म्हणून गेली. पुढच्या वर्षी मे महिन्यात मुलीकडे जाणार असाल तर शेजारच्या घरी किल्ली ठेवता तसं रोपांसाठीही एका माणसाशी आधीच बोलून ठेवा. तसा माणूस नसेल तर दोनच रोपं घ्या.

आता या चौदांचं काय करायचं ते एकेक करून बघू.

टेकडीवर नेऊन लावू नका. तुमचा भाव कळतो, पण पुण्याच्या टेकड्यांचा बराच भाग वनखात्याकडे आहे, तिथे आपल्या मनानं खड्डे घेता येत नाहीत. शिवाय टेकडीवर जे मोकळं दिसतं ते रिकामं नसतं. पावसाळ्यात तिथे गवत येतं, गवतात रानफुलं येतात, टिटवी उघड्यावर अंडी घालते. मागे याच टेकड्यांवर हिरवळ लवकर दिसावी म्हणून गिरिपुष्प भरमसाट लावलं गेलं. झाड परदेशी, वाढायला भराभर, पण त्याच्या दाटीत इथल्या झाडोऱ्याला जागा उरली नाही. टेकडीवर रोज सकाळी पाण्याच्या बाटल्या घेऊन जाणारी माणसं असतात, आधी लावलेली झाडं ती जगवतात. तुम्हाला टेकडीसाठी काही करावंसं वाटत असेल तर त्यांच्याबरोबर उन्हाळ्यात रोज एक बाटली न्या. त्याची तिथे नव्या रोपापेक्षा जास्त गरज आहे.

सासवडचा विचार मात्र चांगला आहे. चारही कडुलिंब, एक करंज आणि एक वड तिकडे पाठवा. पुरंदरचा तो पट्टा पर्जन्यछायेतला, तिथला खरा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरातच पडतो. त्यामुळे आत्ता लावलेलं रोप तिथे रुजू शकतं, फक्त विहिरीच्या पाण्याच्या टप्प्यात हवं. दिरांशी आधी फोनवर बोला. "रोपं पाठवतेय" असं सांगू नका, "सहा रोपांना उन्हाळाभर पाणी मिळेल का?" असं विचारा. ते म्हणाले तीनच जमतील, तर तीनच पाठवा.

दोन गोष्टी त्यांच्या कानावर घाला. बांधावर कडुलिंब लावायचा तर शेजारच्या शेतकऱ्याला विचारून लावायचा. दहा वर्षांनी सावली त्याच्या पिकावर पडते आणि मग भाऊबंदकीत आणखी एक भांडण वाढतं. त्यापेक्षा गोठ्याजवळ, विहिरीच्या कडेला किंवा घराच्या पश्चिमेला लावलेला कडुलिंब सगळ्यांच्या उपयोगी पडतो. दुसरं म्हणजे गावाबाहेरच्या माळावर, "तिथे नुसतंच गवत आहे" म्हणून लावू नका. सासवडच्या बाजूच्या माळरानांवर लांडगा अजून आहे. तिकडे सुप्याला चिंकाऱ्यासाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे, तेही माळाचंच. मेंढपाळांची गुरं-मेंढरं त्याच गवतावर जगतात. माळाला झाडांनी भरून टाकणं म्हणजे तिथल्या जिवांचं घर मोडणं. हे मला कळकळीनं सांगावंसं वाटतं, कारण लागवडीच्या उत्साहात सगळ्यात आधी माळाचा बळी जातो.

वडाला निदान ४० फूट मोकळी जागा हवी. देवळाचं आवार, शाळेचं पटांगण, पाणवठा अशी. ग्रामपंचायतीला विचारा आणि लक्ष ठेवणारा एक माणूस नावानिशी ठरवा. "गाव बघेल" म्हटलं की कोणीच बघत नाही. वडाचं पान शेळीला फार आवडतं. पहिली तीन वर्षं बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण माणसाच्या छातीएवढं उंच हवं, नाहीतर एका दुपारी काम तमाम. करंजाला तेवढी भीती नाही, शेळ्या त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत.

सोसायटीत वड-पिंपळ नकोच. याबाबतीत सेक्रेटरींचं बरोबर आहे. पिंपळाचं मूळ जमिनीखालच्या टाकीची भिंत शोधून काढतं. आणि शहरात एकदा लावलेलं झाड नको झालं म्हणून काढता येत नाही. राज्याचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे, त्यात वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनं तर ५० वर्षांच्या पुढच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. हे सगळं चांगलंच आहे, पण म्हणूनच जागा निवडताना पन्नास वर्षांनी तिथे काय असेल याचा विचार करावा लागतो.

पण "झाडंच नकोत" याला काही अर्थ नाही. तुम्ही सेक्रेटरींना तोंडी विचारलंत, म्हणून त्यांना गाड्यांवर पडणारी पानं आणि पक्ष्यांची विष्ठा दिसली. आता एक साधा कागद लिहून द्या. कोणतं झाड, कुठे, भिंतीपासून किती फुटांवर, पाणी कोण घालणार आणि तुम्ही गावाला गेलात तर कोण. तीनच झाडं मागा. एक बहावा कंपाउंडच्या कडेला, इमारतीपासून १०-१२ फूट सोडून, वर विजेच्या तारा नाहीत असं बघून. त्याच रांगेत दुसरा करंज. आणि ताम्हण जिथे गाड्या धुतल्या जातात त्या नळापाशी. ताम्हण मूळचं ओढ्या-नद्यांच्या काठचं झाड, लहानपणी त्याला ओल हवी असते. साबणाचं पाणी सरळ बुंध्याशी जाणार नाही एवढा उतार द्या. आपलं राज्यफूल आहे ते, हेही कागदावर लिहा. भर उन्हाळ्यात, महाराष्ट्र दिनाच्या आगेमागे, एकीकडे बहावा पिवळा आणि दुसरीकडे ताम्हण जांभळं, हे दृश्य ज्यानं पाहिलंय तो सेक्रेटरी पुन्हा नाही म्हणायचा नाही.

उरली पाच. त्यातले दोन बहावे, दुसरा वड आणि पिंपळ द्यायचे आहेत. फुकट आलेलं दुसऱ्याला देणं अगदी बरं दिसतं, ती काही आहेराची फिरवाफिरवी नाही. वाईट दिसतं ते गळ्यात मारणं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून रोपं वाटतात तेव्हा मला हेच वाटतं. तुळस, गवती चहा ठीक आहे, कुंडीत जगतात. पण जानेवारीत करंजाचं रोप घेऊन बिचारी बाई जाणार कुठे? म्हणून देताना विचारा. लावणार कुठे, पाणी कोण घालणार, गुरं-शेळ्या येतात का. तिन्ही उत्तरं मिळाली तरच द्या आणि सोबत मातीचं एक मडकं द्या. मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुती कापडाची वात घट्ट बसवायची आणि ते रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं. चार-पाच दिवसांनी भरलं की झालं. पाणी हळूहळू मुळाशी झिरपत राहतं आणि वर झाकण ठेवलं की डासही होत नाहीत. वड-पिंपळाला घेणारं कोणी मिळालं नाही तर ज्यांनी वाटली त्यांना किंवा जवळच्या रोपवाटिकेला फोन करून परत घ्याल का विचारा. परत देण्यात कमीपणा नाही. पिशवीत वर्षानुवर्षं कोंडलेला वड बघण्यापेक्षा ते बरं.

आता लावण्याबद्दल. इथे मला थोडं सविस्तर लिहू द्या, कारण मी स्वतः एक झाड असं गमावलंय. आमच्या घरासमोर एका लागवडीच्या दिवशी कडुलिंब लावला गेला. घाईत, पन्नास रोपं तासाभरात उरकायची म्हणून. आम्ही चार वर्षं पाणी घातलं, झाड दोन पुरुष उंच झालं, मुलं त्याखाली सायकली लावू लागली. मग वळवाच्या एका वादळात ते मुळासकट आडवं झालं. बघायला गेले तर बुंध्याखाली काळ्या प्लॅस्टिकची पिशवी तशीच होती, बाजूनं फाटलेली, तळ मात्र शाबूत. सगळी मुळं त्या तळाशी गोल गोल फिरून दोरखंडासारखी पिळली होती. सोटमूळ खाली गेलंच नव्हतं. चार वर्षं ते झाड जमिनीवर नुसतं ठेवलेलं होतं. तेव्हापासून मी कुठलंही रोप लावताना पिशवीचा तळ स्वतःच्या हातानं कापते.

तुम्हीही तसंच करा. आदल्या दिवशी पाणी घाला म्हणजे माती घट्ट राहील. रोप आडवं धरा, शेंड्याला धरून ओढू नका. ब्लेडनं आधी पिशवीचा तळ बोटभर कापून टाका, मग बाजूला वरपासून खालपर्यंत एक चीर द्या आणि कोवळ्या बाळाचं झबलं काढावं तशी पिशवी उतरवा. तळाशी मुळांची गुंडाळी दिसली तर हळूच मोकळी करा, पिळलेला पेंडोळा कात्रीनं कापला तरी चालतो. मातीचा गोळा मात्र फुटू देऊ नका. खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. निघालेल्या मातीत घमेलंभर कुजलेलं शेणखत आणि वाळवीसाठी दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा. रोप पिशवीत जेवढं मातीत होतं तेवढंच पुरा, बुंधा जास्त गाडला की कुजतो. पायानं बेताची दाबा. बांबूची काठी गोळ्यात न खुपसता बाजूला रोवा आणि सुतळी काठी व खोडामध्ये इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा. आळं करा, वर पालापाचोळ्याचा चार बोटं थर द्या, पण खोडाला चिकटवू नका. आणि काळी पिशवी घरी घेऊन या.

बहाव्याबद्दल एक सांगून ठेवते. पहिली दोन वर्षं तो वाढतच नाही असं वाटतं. उन्हाळ्यात पानं गाळतो, नुसती काडी उरते. ती उपटू नका. नखानं सालीला किंचित खरवडून बघा, आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, पाणी चालू ठेवा.

जी रोपं आत्ता लागणार नाहीत ती पुढच्या जूनपर्यंत थांबवता येतात, त्यात नुकसान काहीच नाही. ऑक्टोबरच्या शेवटी कडक उन्हात घाईनं लावलेल्या रोपापेक्षा वर्षभर मोठ्या पिशवीत वाढलेलं, चार फुटांचं रोप जूनच्या पावसात लावलं तर जास्त खात्रीनं जगतं. १२ बाय १२ इंचांची पिशवी किंवा सिमेंटची रिकामी गोणी अर्ध्यावर दुमडून घ्या, दोन भाग माती, एक भाग शेणखत. पण हे काम चौदा रोपांचं गॅलरीत करायचं नाही. सूनबाईचं म्हणणं मला पूर्ण पटतं. ओल्या मातीचं वजन फार होतं आणि घर तिचंही आहे. गॅलरीत एकच रोप ठेवा, खाली पसरट ताट ठेवा म्हणजे खालच्या मजल्याची तक्रार मिटेल. बाकी रोपं जाईपर्यंत सगळ्या पिशव्या एकमेकींना चिकटवून एका कोपऱ्यात, विटांवर ठेवा. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच झारीनं पाणी. सासवडला नेताना दुचाकीवर नेऊ नका. वाऱ्यानं पानं तासाभरात सुकतात. नेणंच भाग असेल तर शेंड्यांना ओलं सुती कापड गुंडाळा.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा रांगेत उभ्या राहाल, राहाच. तेव्हा सगळ्यात उंच रोपाकडे हात जाऊ देऊ नका. उंच आणि बारीक म्हणजे दाटीत उजेडासाठी ओढलेलं. बुंधा पेन्सिलीएवढा जाड, शेंडा एकच आणि सरळ, पानांच्या मागे पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस नाही, असं बघा. पिशवीच्या भोकातून जाड मूळ तुटून आलेलं दिसलं तर ते रोप रोपवाटिकेत जमिनीत रुजलेलं होतं, उपटताना त्याचं मुख्य मूळ गेलंय. आणि वाटणाऱ्याला नाव विचारा. सुबाभूळ, गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणाला तर नम्रपणे नको म्हणा.

राहता राहिलं ते कांचन की आपटा. दोन्हींचं पान जोडपान, म्हणून गोंधळ होतो, आणि दसऱ्याला बाजारात आपट्याच्या नावावर कांचनाच्या फांद्या सर्रास विकल्या जातात. आपट्याचं पान लहान, जाडसर, हाताला थोडं खरखरीत, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं, पातळ. रोप लहान असताना पानं फसवतात, म्हणून वरची कोवळी सोडून खालचं जुनं पान बघा. आपटा निघाला तर गॅलरीत ठेवायचं ते रोप हेच. झाड आटोपशीर, काटक, जूनमध्ये सोसायटीच्या कोपऱ्यात सहज मावेल. दसरा जवळ आलाय, त्याला हात लावू देऊ नका कोणाला. सूनबाईला म्हणावं, यंदा सोनं झाडावरच ठेवलंय.